हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात: मीटर गेलंय की वायरिंग?

जुनी_हॅचबॅक

नमस्कार. गाडी पेट्रोलची, १९ वर्षं जुनी. बाबांनी घेतलेली, आता मी चालवतो. दीड महिन्यापासून डॅशबोर्डवरच्या काट्यांनी माझी झोप उडवली आहे.

लक्षणं जशी दिसली तशीच सांगतो. दिवसा टेंपरेचरचा काटा मध्याच्या जरा खाली, म्हणजे नेहमीच्या जागी असतो. पार्किंग लाइट लावले की तो मध्याच्या वर सरकतो आणि हेडलाइट लावले की लाल पट्ट्याला टेकतो. त्याच वेळी पेट्रोलचा काटाही चढतो. पाव टाकी असेल तर अर्ध्याच्या पुढे दाखवतो. दिवे बंद केले की दोन-तीन सेकंदांत दोन्ही काटे मुकाट्याने जागेवर येतात. इंडिकेटर दिला तर त्याच्या टिकटिकीबरोबर दोघेही किंचित हलतात. स्पीडोमीटर मात्र अगदी नीट आहे.

पहिल्यांदा काटा लालमध्ये गेला तेव्हा मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं आणि अर्धा तास बॉनेट उघडून उभा राहिलो. पाणी उकळत नव्हतं, वाफ नव्हती, होज पाइपही फुगले नव्हते. गॅरेजमध्ये आधी थर्मोस्टॅट बदलला, मग टेंपरेचर सेन्सर. फरक शून्य. स्कॅनर लावून पाहिलं तर काटा लालमध्ये असताना इंजिनच्या कॉम्प्युटरला पाण्याचं तापमान ९१ अंश दिसत होतं. म्हणजे इंजिन ठीक आहे, खोटं काटा बोलतोय, एवढं मला पटलं. आता गॅरेजवाले म्हणतात अख्खं मीटर, म्हणजे डॅशबोर्डवरचा काट्यांचा डबाच, बदला.

मागच्या आठवड्यात रात्री आईला दवाखान्यातून आणताना काटा अर्ध्यावर आणि टाकी कोरडी. आई आजारी, रस्ता अंधारा. तेव्हापासून मी या गाडीच्या एकाही काट्यावर विश्वास ठेवत नाही, आणि हे मला फार लागलंय. बाबा या गाडीचं सगळं स्वतः बघायचे.

माझ्याकडे साधा डिजिटल मल्टीमीटर आहे आणि घरगुती कामापुरता वापरता येतो. सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी

माझ्या गाडीत काटे असेच नाचायचे. मीटर बदललं, थांबले. तुमचं मीटर १९ वर्षं जुनं आहे, फार विचार करू नका, बदलून टाका.

मीटर_दुरुस्ती

दादा, मीटर अजून बदलू नका. मी रोज मीटरच उघडते, बावीस वर्षं तेच काम करते आहे. बदलायला म्हणून माझ्या टेबलावर येणाऱ्या मीटरांपैकी कितीतरी मीटर आतून चांगले निघतात. रात्रपाळी, तुमचे काटे थांबले याचा मला आनंद आहे. पण मीटर काढताना-बसवताना त्याच्या वायरींचा कप्लर (जोडणीचा प्लग) उपटला आणि पुन्हा घट्ट बसला, एवढ्यानेही काटे थांबतात. खरा दोष कुठे होता ते मग कळत नाही.

जुनी_हॅचबॅक, निम्मं उत्तर तुमच्या लिहिण्यातच आहे. काटे दोन, सेन्सर दोन, एक इंजिनवर आणि एक टाकीत. दोघे एकाच वेळी एकाच कारणाने चढतात आणि एकाच वेळी उतरतात. दोन सेन्सर असे जोडीने बिघडत नाहीत. तेव्हा दोघांत सामाईक काय आहे ते शोधायचं. मीटरला येणारा पॉझिटिव्ह सामाईक आहे आणि मीटरचं अर्थिंग, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याची वाट, सामाईक आहे. पॉझिटिव्ह थोडा पडला तरी काटे सहसा ढळत नाहीत, कारण मीटर आत स्वतःचे स्थिर ५ व्होल्ट बनवतं. दिवे लावल्यावर बिघडतं म्हणजे डॅशबोर्डच्या दिव्यांचा करंट ज्या वाटेने बॅटरीकडे परत जातो ती वाट अडली आहे, आणि मीटरचीही वाट तीच आहे.

आता काटा चढतोच का, उतरत का नाही? हे समजून घ्या, पुढे शोधताना फार उपयोगी पडेल. मीटर ते ५ व्होल्ट एका रेझिस्टरमधून सेन्सरच्या वायरीवर सोडतं आणि वायरीवर किती व्होल्ट उरले ते पाहतं. इंजिन तापलं की या सेन्सरचा रेझिस्टन्स कमी होतो, व्होल्ट कमी उरतात आणि काटा वर जातो. पण हे व्होल्ट मीटर मोजतं स्वतःच्या अर्थिंगपासून. सेन्सर इंजिनच्या धातूत बसलेला, त्याचं अर्थिंग पक्कं. मीटरचं अर्थिंग कच्चं असेल तर दिव्यांचा करंट त्या कच्च्या जोडातून जाताना तिथे व्होल्ट पडतात आणि मीटरचं शून्यच वर उचललं जातं. मोजपट्टीचं खालचं टोक वर धरलं की माणसाची उंची कमी भरते, तसं. मीटरला सेन्सरवर व्होल्ट कमी दिसतात, आणि कमी व्होल्ट म्हणजे गरम इंजिन असं ते समजतं. तुमच्या टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून पातळी सांगणारा सेन्सर, भरलेल्या टाकीला कमी ओहम देणारा असणार, म्हणून पेट्रोलही जास्त दिसतं. काही गाड्यांचा फ्लोट उलटा असतो. तिथे याच दोषाने पेट्रोलचा काटा खाली येतो आणि टेंपरेचरचा वर जातो, आणि लोक दोन वेगळे बिघाड समजून दोन्हीकडे खर्च करतात.

आकड्यात सांगते. समजा मीटरमागे ३ वॅटचे ४ बल्ब आहेत. १२ वॅट, म्हणजे साधारण १ अँपिअर. अर्थिंगच्या जोडात १ ओहम अडथळा असेल तर मीटरचं शून्य सरळ १ व्होल्टने उचललं जातं. पाच व्होल्टांच्या मोजणीत एक व्होल्टाची चूक! काटा लालमध्ये जाईल नाहीतर काय होईल.

मोजायचं असं. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला. काळ्या प्रोबला लांब वायर जोडून ती बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर धरा, वरच्या क्लॅम्पवर नाही, कारण तो जोडही संशयित आहे. मीटर खाचेतून पुढे ओढा पण कप्लर लागलेला राहू द्या. कप्लरच्या मागच्या बाजूने अर्थिंगच्या पिनला लाल प्रोबचं टोक हलकेच टेकवा. अर्थिंगची वायर बहुतेक वेळा काळी किंवा तपकिरी असते, पण रंगावर जाऊ नका, तुमच्या गाडीच्या वायरिंग डायग्रॅममध्ये पिन बघा. मग इंजिन चालू ठेवून चार आकडे लिहा: दिवे बंद, पार्किंग, हेडलाइट, इंडिकेटर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं. ०.२ च्या वर गेला तर चोर सापडला.

एक गोष्ट कळकळीने सांगते. हे काम ओहमच्या रेंजवर किंवा बीप वाजवून करू नका. मल्टीमीटर ओहम मोजताना मिलिअँपिअरभर किंवा त्याहूनही कमी करंट सोडतो. वीस धाग्यांच्या वायरीत एक धागा शाबूत असला तरी बीप वाजते. एक धागा बीपेला पुरतो, दिव्यांना पुरत नाही. शिवाय प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स काही दशांश ओहम असतो. वायरिंग खरं काय सोसतंय ते भार घालूनच कळतं.

आणि मीटर ओढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा. स्टिअरिंगखाली पिवळं आवरण असलेल्या वायरी आणि पिवळे कप्लर दिसतील, ते एअरबॅगचे. त्यांना प्रोब, टेस्ट लॅम्प काहीही लावायचं नाही. मीटर सुटलं की मोजण्यासाठी बॅटरी पुन्हा जोडा. कप्लर जोडलेला नसताना चावी फिरवू नका.

जुन्या_काट्यांचा_नाद

ताईंचं म्हणणं बरोबर वाटतंय. फक्त फार जुनी गाडी असलेला कोणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी लिहितो. माझी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे. तिच्यातही दोन्ही काटे एकदम वर गेले होते, पण दिवे लावा नाहीतर न लावा, कायम वर. या जुन्या मीटरांत काटा दोन धातूंच्या पट्टीवर चालतो. करंटने पट्टी तापते, वाकते आणि काटा हळूहळू सरकतो. बॅटरीचे व्होल्ट वरखाली झाले तरी काटे ढळू नयेत म्हणून मागे छोटा स्टॅबिलायझर असतो. माझ्या गाडीतला सरासरी १० व्होल्ट देणारा. त्याच्या आतही तशीच तापणारी पट्टी, जी कॉन्टॅक्ट सतत उघडझाप करते. त्याच्या डबीचं अर्थिंग एका स्क्रूमधून होतं. तो स्क्रू गंजला, आतली तार तापेना, कॉन्टॅक्ट उघडेचना, आणि दोन्ही काट्यांना बॅटरीचे पूर्ण व्होल्ट मिळू लागले. स्क्रू घासून घट्ट केला, काम झालं. कॉन्टॅक्टच जळून उघडा राहिला तर उलट, दोन्ही काटे मेल्यासारखे तळाशी पडतात.

डिजिटल मल्टीमीटरवर त्याचे १० व्होल्ट कधीच स्थिर दिसत नाहीत, आकडा उड्या मारतो. टेस्ट लॅम्प लावा. तो लुकलुकला तर स्टॅबिलायझर जिवंत आहे. आणि अशा मीटरात सेन्सरची वायर बॉडीला टेकवून काटा तपासायचा असेल तर क्षणभरच टेकवा. धरून ठेवली तर काट्याची तार जळते.

जुनी_हॅचबॅक

ताई, आज सकाळी मोजलं. इंजिन चालू. दिवे बंद ०.१५, पार्किंग १.१०, हेडलाइट १.३५. इंडिकेटर देताना आकडा ०.१५ आणि ०.३० मध्ये झुलतो, आणि काटा बरोबर त्याच तालात हलतो. तो आकडा आणि तो काटा एकत्र हलताना पाहिला आणि अंगावर काटा आला. दीड महिना जे भुतासारखं वाटत होतं ते समोर आकड्यात दिसत होतं.

आता कुठे शोधू? वायर डॅशबोर्डमागे जाऊन गुंडाळ्यात नाहीशी होते.

मीटर_दुरुस्ती

छान मोजलंत. ०.१५ वरून १.१०, म्हणजे अंदाजे एक अँपिअरला एक व्होल्ट. जोडात १ ओहमच्या आसपास अडथळा आहे. हेडलाइटला आणखी पाव व्होल्ट चढतो तो हेडलाइट रिलेच्या (दिवे चालू करणाऱ्या विजेवरच्या स्विचच्या) कॉइलचा असावा, तिचं अर्थिंगही त्याच बोल्टवर येत असेल. हेडलाइटचे मोठे बल्ब त्या वाटेने जात नाहीत हे नक्की. ते दोन मिळून ९ अँपिअरच्या आसपास ओढतात. गेले असते तर इतका कमी आकडा आलाच नसता आणि दिवेही मंद दिसले असते.

आता गुंडाळा उघडत बसू नका. काळा प्रोब बॅटरीवर तसाच राहू दे, पार्किंग लाइट चालू ठेवा आणि लाल प्रोब एकेका टप्प्याने पुढे न्या. डॅशबोर्डखाली, पुढच्या सीटच्या पायाजवळच्या बाजूच्या पॅनलमागे अनेक काळ्या वायरी एका बोल्टवर येतात. आधी त्या वायरींच्या थिंबलवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, मोजा, मग बोल्टच्या डोक्यावर, मग शेजारी बॉडीचा पत्रा खरवडून उघड्या धातूवर. आकडा ज्या दोन जागांमध्ये धपकन पडतो, दोष त्याच दोघांच्या मध्ये. जिना उतरताना मोडकी पायरी सापडावी इतकं सरळ आहे हे.

आणि एक सांगा: त्या बाजूला गेल्या वर्षभरात काही काम झालंय? पत्र्याचं, रंगाचं, स्पीकरचं, काहीही?

नवी_सेदान

मध्येच विचारतो, माफ करा. माझी गाडी ६ वर्षांची. खड्ड्यातून गेली की सगळे काटे एकदम शून्यावर पडतात, पाच-सहा इशाऱ्याचे दिवे लागतात आणि सेकंदाभरात सगळं परत येतं. स्कॅनरवर यू०१५५. अर्थिंगच समजू का?

मीटर_दुरुस्ती

नवी_सेदान, तुमचा प्रकार वेगळा. तुमच्या गाडीत सेन्सरची वायर मीटरपर्यंत येतच नाही. सेन्सर इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर कॅन बसच्या दोन पिळलेल्या वायरींवरून मीटरला निरोप देतो. यू०१५५ म्हणजे बाकीच्यांचा मीटरशी संपर्क तुटला. म्हणून एक-दोन काटे खोटं बोलत नाहीत, सगळेच एकदम गप्प होतात. आधी मीटरचा पॉझिटिव्ह, फ्यूज आणि अर्थिंग वरच्याच पद्धतीने भार घालून तपासा, कारण वीज क्षणभर गेली तरी हाच कोड येतो. तिथे सगळं ठीक निघालं तर बॅटरी सोडा, थोडं थांबा आणि स्कॅनरच्या कप्लरमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. इथे ओहमच मोजायचे, कारण बसच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात आणि मिळून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना टेकल्यात. काही गाड्यांत मध्ये गेटवे, म्हणजे बसचे भाग वेगळे ठेवणारा डबा, असतो, तिथे या मोजणीत फक्त कप्लरच्या बाजूचा भाग दिसतो.

खड्ड्यातच होतं म्हणताय, तर मोजताना कोणाला तरी हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवायला सांगा. माझा पहिला संशय मीटरच्या पाठीमागच्या कप्लरच्या पिनांवर. बोर्डावर त्यांचा डाख तडकतो, भिंगातून पाहिलं तर पिनेभोवती बारीक गोल रेघ दिसते. पुन्हा डाख दिला की वर्षानुवर्षं चालतं. पुढचं सविस्तर वेगळा धागा काढून विचारा, तिथे येते.

जुनी_हॅचबॅक

सापडलं!

ताई, तुम्ही विचारलंत आणि मला आठवलं. आठ महिन्यांपूर्वी डाव्या बाजूला दुसरी गाडी घासली होती, तेव्हा दाराची चौकट ठोकून रंगवली होती. डावीकडचं पॅनल काढलं. थिंबलवर १.०८. बोल्टच्या डोक्यावर १.०५. शेजारचा पत्रा खरवडून मोजलं तर ०.०४. बोल्ट उघडला तर थिंबलखाली गुळगुळीत, चकचकीत रंग. भोकाच्या आट्यांतही रंग. इतके दिवस आट्यांच्या कुठल्यातरी एका कडेने करंट जात असणार, आणि तिथे गंज चढत गेला तसे काटे बिघडत गेले.

पॉलिश पेपरने थिंबलएवढी जागा घासून पांढरा पत्रा काढला. आट्या तारेच्या ब्रशने साफ केल्या. थिंबलखाली दातेरी वायसर घातला, बोल्ट आवळला आणि गंज धरू नये म्हणून वरून व्हॅसलिनचा हात फिरवला. आता हेडलाइट लावून ०.०४. टेंपरेचरचा काटा हलत नाही. इंडिकेटर दिला, वायपर लावला, पंखा फुल केला, काटा जागेवर. मी अंधारात दहा मिनिटं नुसता त्या काट्याकडे बघत बसलो होतो. आईला खाली बोलावून दाखवलं.

बदललेला थर्मोस्टॅट आणि सेन्सर दोन्ही चांगले होते, हे आता कळतंय. रंगकाम करणाऱ्यांना जाऊन सांगणार आहे की अर्थिंगच्या बोल्टखाली रंग गेलाय. भांडायला नाही, पण पुढच्या गाडीला असं होऊ नये.

एक उरलंय. पेट्रोलचा काटा आता दिव्यांनी चढत नाही, पण टाकी अर्ध्यावर आली की खडबडीत रस्त्यावर तो क्षणभर शून्यावर पडून परत येतो. भरलेल्या टाकीला किंवा पाव टाकीला असं होत नाही. हेही अर्थिंगच का?

मीटर_दुरुस्ती

वाचून फार बरं वाटलं. आईंना दाखवलंत हे तर फारच.

पेट्रोलच्या काट्याचं वेगळं आहे, आणि तुम्ही पुन्हा नेमकं लिहिलंत: फक्त अर्ध्या टाकीला. अर्थिंगला टाकीत किती पेट्रोल आहे ते कळत नाही. फ्लोटच्या दांड्याला एक छोटं बोट असतं, ते रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत फिरतं. ज्या पातळीला टाकी सर्वांत जास्त वेळ राहते तिथे पट्टी झिजते. तुम्ही बहुतेक अर्ध्यावर आली की भरत असाल. बोट त्या झिजलेल्या जागी आलं आणि गाडी उडाली की कॉन्टॅक्ट सुटतो, आणि तुमच्या प्रकारच्या मीटरात वायर तुटली की काटा शून्यावर जातो.

खात्री करायची तर फ्लोट बाहेर काढून त्याच्या दोन पिनांना मल्टीमीटर लावा, इथे ओहमवर, आणि दांडा हाताने अगदी हळू वरपासून खालपर्यंत फिरवा. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मधोमध कुठे ‘ओएल’ (म्हणजे जोड तुटलेला) आलं किंवा आकड्याने उडी मारली तर फ्लोट बदला. बोट किंचित वाकवून पट्टीवर नव्या जागी टेकवतात, पण ते फार दिवस टिकत नाही.

फ्लोट काढण्याआधी मात्र बॅटरी सोडा, टाकी जितकी रिकामी तितकी बरी, गाडी मोकळ्या हवेत, आणि आसपास पेटतं किंवा ठिणगी पाडणारं काहीही नको. पेट्रोलची वाफ दिसत नाही. हे काम एकट्याने करू नका, कोणीतरी सोबत असू दे. आणि तोपर्यंत काट्यावर भरवसा ठेवून टाकी कोरडी होऊ देऊ नका.

जुनी_हॅचबॅक

रविवारी भाऊ येतोय, दोघं मिळून काढतो. आकडे इथेच लिहीन.